चाचणीच्या बाकावर पंधरा दिवस

सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पाणीपुरवठा कार्यालयाच्या मीटर तपासणी विभागाचे प्रमुख तपासनीस निवृत्त झाले. निवृत्ती पंधरा दिवसांची होती. सोळाव्या दिवशी ते पुन्हा कामावर हजर होणार होते, तशी रजा मंजूर होती, आणि रजेच्या अर्जात 'कारण' या रकान्यात त्यांनी 'घरगुती' असं लिहिलं होतं. खरं कारण लिहायला रकाना लहान होता.

खरं कारण असं की, तीन महिन्यांनी त्यांना साठ वर्षं पूर्ण होत होती आणि कार्यालयाने त्यांच्या हातात एक पर्यायपत्र ठेवलं होतं. त्यात दोन चौकोन होते. एकात खूण केली तर नियत तारखेला निवृत्ती. दुसऱ्यात केली तर दोन वर्षं मुदतवाढ. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, की एकदा दिलेला पर्याय बदलता येणार नाही, आणि ठरलेल्या दिवशी पाच वाजेपर्यंत पत्र आलं नाही तर कार्यालय योग्य तो निर्णय घेईल. तेहतीस वर्षं कार्यालयात काढलेल्या माणसाला कार्यालयाच्या योग्य निर्णयांची पुरेपूर कल्पना असते. ती वेळ येऊ द्यायची नाही, एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

पुढचं मात्र ठरेना. त्यांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा." हे वाक्य संसारात त्यांनी आजवर चार वेळा ऐकलं होतं आणि चारही वेळा त्यांचं चुकलं होतं.

तपासनिसांचा एक नियम होता. नवा मीटर कितीही चकचकीत असला तरी चाचणीच्या बाकावर चढवल्याशिवाय ते त्यावर सही करत नसत. आधी कमी प्रवाह, मग मध्यम, मग पूर्ण. तिन्हींत मीटर खरा बोलला तरच शिक्का. निवृत्तीलाच वेगळा न्याय का लावायचा? त्यांनी एक वही केली. पहिल्या पानावर 'चाचणी क्रमांक १' असं लिहिलं आणि पंधरा दिवसांचे तीन भाग पाडले. पहिले पाच दिवस कमी प्रवाह, म्हणजे बसून राहणं. पुढचे पाच मध्यम, म्हणजे घरात लक्ष घालणं. शेवटचे पाच पूर्ण. पूर्ण म्हणजे काय, ते वेळ आल्यावर बघू असं त्यांनी ठरवलं. शिवाय पंधरा दिवसांच्या पेन्शनइतकी रक्कम एका पाकिटात घातली. घरासाठी जे काही आणायचं ते त्याच पाकिटातून, असा दंडक.

अशा तयारीनिशी ते सोमवारी नऊ चाळीसला जेवणाच्या टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसले. अकरा वाजेपर्यंत निवृत्ती उत्तम चालली. अकराला दारावरची बेल वाजली.

दारात कात्रीबाई होत्या. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या, पन्नाशीच्या, कापड बेतण्यात हात धरू न देणाऱ्या या बाईंना सगळे याच नावाने ओळखत. त्यांच्या खांद्यावर कापडाचा तागा होता. तपासनिसांना पाहून त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"साहेब आज घरी? बरं नाही का?"

"तब्येत ठणठणीत आहे," आतून बायको म्हणाली. "सराव करतायत. पंधरा दिवस आहेत."

"अगोबाई," कात्रीबाई म्हणाल्या आणि तागा टेबलावर ठेवला. म्हणजे वर्तमानपत्रावर ठेवला.

बायको पडदे शिवते हे तपासनिसांना माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी तिने शिलाई मशीन घेतलं तेव्हा त्यांनीच ते रिक्षातून उतरवून घेतलं होतं. 'जरा शिवणबिवण करते' असं ते चारचौघांत सांगतही असत. पण शिवण सकाळी अकरा ते दुपारी चार चालते, ती जेवणाच्या टेबलावर चालते, तिला फोन येतात, गिऱ्हाईकं येतात आणि तिची एक वही आहे जी त्यांच्या वहीपेक्षा जाड आहे, हे त्यांना नवीन होतं. ते टेबलावरून आरामखुर्चीत गेले. आरामखुर्ची कापड पसरायला लागत होती. मग ते बाल्कनीत गेले. तिथे अस्तर वाळत होतं. मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले, तर इस्त्रीचा प्लग नेमका स्टुलाच्या मागे. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांची बदली एकदाच झाली होती. त्या दिवशी चार वाजेपर्यंत चार झाल्या.

वहीत त्यांनी नोंद केली: 'कमी प्रवाह. जागेची अडचण. बाकी ठीक.'

दुसऱ्या दिवसापासून अकरा वाजले की ते खाली उतरू लागले. खाली फाटकापाशी तळमजल्यावरचे व्याजकाका प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असत. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर ते टक्क्यांत देत, म्हणून हे नाव.

"मुदतवाढ घेऊ नकोस," व्याजकाका म्हणाले. "मिळतील ते पैसे उचल, तीन ठिकाणी गुंतव, आणि स्वस्थ बस. मी बसलोय की नाही?"

"तुम्ही रोज इथेच बसता?"

"अकरा ते चार."

"घरात का नाही बसत?"

व्याजकाकांनी मागे आपल्या खिडकीकडे एकवार पाहिलं. "इथे वारा असतो," ते म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. त्याला बातमी बहिणीकडून कळली होती. "भावोजी, खुर्ची सोडू नका," तो म्हणाला. "आज साहेब साहेब करतात, उद्या लिफ्टमध्ये कुणी विचारणार नाही कुठला मजला म्हणून." मेहुणा स्वतः अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि तीन नोकऱ्या सोडून चौथीच्या शोधात होता, त्यामुळे त्याचं मत तपासनिसांनी वहीत पेन्सिलीने लिहिलं. ज्याची खात्री झालेली नाही ते पेन्सिलीने, खात्री झाली की शाईने, ही त्यांची जुनी शिस्त. विभागात तसं परिपत्रकही त्यांनी अकरा वर्षांपूर्वी काढलं होतं.

एक गोष्ट मात्र शाईने लिहिण्यासारखी घडत होती. पाकीट संपत नव्हतं. पाच दिवसांत त्यातून फक्त वर्तमानपत्र, दाढीचं ब्लेड आणि व्याजकाकांबरोबर घेतलेल्या दोन कॉफ्या एवढाच खर्च झाला होता. पेन्शनमध्ये घर चालून वर शिल्लक पडते, हा निष्कर्ष इतका सुखद होता की शुक्रवारी त्यांनी तो व्याजकाकांना ऐकवला. व्याजकाकांनी भुवया उंचावल्या. "घर चालतंय ना नीट?" त्यांनी विचारलं. "मग कुठेतरी पाणी मुरतंय." पाण्याच्या खात्यातल्या माणसाला हे कुणी तिऱ्हाइताने सांगावं, याचं तपासनिसांना वाईट वाटलं. त्यांनी कॉफीचे पैसे दिले आणि विषय बदलला.

शनिवारी मध्यम प्रवाह सुरू झाला आणि त्यांनी घरात लक्ष घातलं.

चार वाजता कात्रीबाई घरी गेल्या, बायको भाजी आणायला खाली उतरली. टेबलावर एक पिवळी कापडी टेप पडली होती. शिंप्याकडे असते तशी. कडा झिजलेल्या, सत्तरच्या आकड्याजवळ चहाचा डाग. तपासनिसांनी ती सहज हातात घेतली. मग त्यांनी खोलीत जाऊन आपली पोलादी पट्टी आणली. ही पट्टी प्रमाणित होती. तिच्याबरोबर प्रमाणपत्र होतं, आणि ते लग्नाच्या फोटोंबरोबर कपाटात ठेवलेलं होतं.

त्यांनी टेप पट्टीशेजारी ताणून धरली. पुन्हा धरली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा धरली. वर्षानुवर्षं ओढून ओढून टेप सैल पडली होती. ती जिथे एक मीटर म्हणत होती तिथे खरं अंतर एक मीटर आणि बारा मिलिमीटर होतं.

शंभरात जवळजवळ सव्वा. त्यांच्या विभागात यापेक्षा कमी चुकीसाठी मीटर भंगारात जात. आपल्या स्वतःच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, सहा वर्षं हा प्रकार चाललेला होता. रविवारी सकाळी ते बाजारात गेले, पट्टीला लावून लावून अकरा टेपा पाहिल्या आणि बारावी घेतली. तीही पिवळीच. जुनी टेप त्यांनी घडी करून लिफाफ्यात घातली, लिफाफ्यावर 'बाद' असं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि लिफाफा आपल्या खणात ठेवला. नवी टेप टेबलावर ठेवली. बायकोला ते काही बोलले नाहीत. केलेल्या दुरुस्तीचा गाजावाजा करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

वहीतली नोंद शाईने होती: 'मध्यम प्रवाह. एक गंभीर दोष दूर केला.'

सोमवारी आणि मंगळवारी टेबलावर डोळ्यांच्या डॉक्टरांचे पडदे बेतले गेले. बावीस पडदे, जाड काळं कापड. डॉक्टरांच्या तपासणीच्या खोल्यांत अंधार लागतो, म्हणून खिडकीच्या मापाला नेमके. मापं बायको आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन घेऊन आली होती. बुधवारी पडदे लागले. गुरुवारी सकाळी दहा वीसला, म्हणजे पूर्ण प्रवाहाच्या पहिल्या तासातच, डॉक्टरांचा फोन आला. बायको फोनवर बराच वेळ फक्त "हो" आणि "बघते" एवढंच म्हणत होती.

"काय झालं?" फोन ठेवल्यावर, त्या दिवशी लवकर आलेल्या कात्रीबाईंनी विचारलं.

"सगळे पडदे खालून दोन बोटं तोकडे आहेत."

"कुठले? आपले?"

"आपलेच. खालून उजेड येतो, तो थेट अक्षरांच्या तक्त्यावर पडतो. शेवटच्या ओळीवर. सकाळपासून सात पेशंट आले, सातही जणांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली. एक आजोबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ते म्हणाले, आता ऑपरेशन कशाला करू."

तपासनीस आरामखुर्चीत होते. त्यांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

बायकोने वही काढली. उरलेल्या कापडावर खुणा तपासल्या, टेप लावली. वहीप्रमाणे सगळं बरोबर होतं. तिने पुन्हा लावली, पुन्हा बरोबर. सहा वर्षांत एक पडदा परत आला नव्हता आणि आज एकदम बावीस. कात्रीबाईंनी टेप तिच्या हातातून घेतली आणि बोटांत फिरवली.

"ताई, ही आपली टेप नाही," त्या म्हणाल्या. "हाताला कोरी लागतेय. आणि आपल्या टेपवर सत्तरपाशी माझा चहा सांडलेला आहे."

दोघींनी आरामखुर्चीकडे पाहिलं. वर्तमानपत्र खाली आलं.

तपासनिसांनी सर्व काही सांगितलं. बारा मिलिमीटर सांगितले, बाराव्या टेपचं सांगितलं, लिफाफा आणून दाखवला. जुनी टेप खोटी होती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"खिडक्या कशाने मोजल्या होत्या?" तिने विचारलं.

"कशाने?"

"त्याच टेपने."

ताणलेल्या टेपने खिडकी मोजली तर आकडा थोडा कमी येतो, आणि त्याच टेपने तोच आकडा बेतला तर कापड बरोबर खिडकीएवढं निघतं. एकाच मापाने दोन्ही टोकं मोजली की मापाची चूक आपसूक वजा होते. हे तत्त्व तपासनीस गेली वीस वर्षं नव्या भरतीला पहिल्या दिवशी शिकवत आले होते. फळ्यावर आकृती काढून.

"कापड मी आणतो," ते म्हणाले. "पट्ट्या जोडता येतील खाली. पाकिटात पैसे आहेत. जवळजवळ सगळे शिल्लक आहेत."

"आहेतच ते," बायको म्हणाली. "वाणी, वीज, भाजी, गॅस मी देते. तुमच्या पाकिटातून जायला उरलंय काय?"

"पण पगारातून..."

"पगारातून घराचा हप्ता जातो आणि तुमचा विमा जातो. सहा वर्षं झाली."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी तपासलं नाहीत," ती म्हणाली आणि मशीनकडे वळली.

कात्रीबाईंनी याच वेळी खाली पडलेली टाचणी शोधायला घेतली आणि ती त्यांना बराच वेळ सापडली नाही.

वहीत त्या दिवशी नोंद नाही.

दुपारी दोनला ते रिक्षाने जाऊन बावीस पडदे उतरवून घेऊन आले. मग कुणी न सांगता टेबलाशी बसले आणि पहिल्या पडद्याची खालची शिवण उसवायला लागले. अकरा ते चार या वेळात त्या टेबलाशी बसायची परवानगी त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. म्हणजे कुणी ऊठ म्हटलं नाही.

"साहेब, ओढू नका," कात्रीबाई म्हणाल्या. "कापड फाटेल. चौथा टाका कापायचा, मग धागा आपण होऊन येतो."

त्यांनी चौथा टाका कापला. धागा आपण होऊन आला. पुढे मग त्यांनी प्रत्येक चौथा टाका कापला, अगदी मोजून, आणि तीन दिवसांत बावीस पडदे असे उसवले की कापडावर भोकंसुद्धा दिसेनात. कात्रीबाईंनी एक पडदा उजेडात धरून पाहिला. "हात चांगला आहे," त्या बायकोला म्हणाल्या, जणू साहेब खोलीत नव्हते. तपासनिसांना कार्यालयात दोन वेळा गौरवपत्र मिळालं होतं. ती दोन्ही कुठल्या कपाटात आहेत हे त्यांना आठवत नव्हतं, पण हे वाक्य त्यांनी जेवताना दोनदा आठवलं.

रविवारी दवाखाना बंद असताना, खाली पट्ट्या जोडलेले पडदे पुन्हा चढवले. शिडीवर तपासनीस, खाली बायको. डॉक्टर मुद्दाम आले होते. त्यांनी दिवे घालवले, तक्त्यासमोर उभे राहिले आणि शेवटची ओळ वाचायचा प्रयत्न केला. ती त्यांना अजिबात दिसली नाही. "आता बरोबर," ते समाधानाने म्हणाले, आणि मग ओळ पाठ म्हणून दाखवली. निघताना त्यांनी बायकोला एक नंबर लिहून दिला. त्यांच्या भावाच्या वसतिगृहाला पडदे हवे होते. शहाण्णव खिडक्या.

परतताना शिडी दोघांनी दोन टोकांना धरली होती. पुढे ती, मागे ते.

"चाचणीत काय आलं?" तिने मागे न बघता विचारलं.

"निष्कर्ष निघत नाहीये."

"बाकावर कोण होतं?"

"मी. म्हणजे निवृत्ती."

"आणि मी कुठे होते?"

शिडीच्या पुढच्या टोकाला ती थांबली. त्यामुळे त्यांनाही थांबावं लागलं.

"पेन्शन मोजलीत, दिवस मोजलेत, माझी टेप मोजलीत," ती म्हणाली. "तुम्ही घरी असावं असं मला वाटतं का, हे विचारलं नाहीत."

"विचारलं होतं. तू म्हणालीस, तुमचं तुम्ही ठरवा."

"चौकोन कुठला, ते विचारलंत. हे नाही."

रस्त्यावर एक सायकलवाला शिडी संपण्याची वाट पाहत होता. तपासनिसांनी त्याला जाऊ दिलं आणि मग विचारलं.

"वाटतं," ती म्हणाली. "पण अकरा ते चार नाही. त्या वेळात घरात मला कुणी आवडत नाही. उद्या सांगते काय ते. धरा नीट."

सोमवार हा पंधरावा दिवस आणि पर्यायपत्राचा शेवटचा. सकाळी टेबलावर बेतायच्या खाकी कागदाचा एक तुकडा होता, त्यावर बायकोचं अक्षर. वसतिगृहाला आज संध्याकाळपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे, असं त्यात होतं. शहाण्णव खिडक्या शिवणं जमेल, पण मोजायला माणूस नाही, आणि यापुढेही लागेल. काम अकरा ते चार, घराबाहेर. पहिले पंधरा दिवस बिनपगारी. टेप आमची, तिला हात लावायचा नाही. तुम्ही मुदतवाढ घेतलीत तरी राग नाही, वसतिगृहाला नाही म्हणून कळवीन, पुढच्या वेळी दुसरा माणूस बघीन. पण आजच काय ते सांगा.

तपासनिसांनी कागद दोनदा वाचला. मग पर्यायपत्र काढलं, खूण केली आणि बाराला कार्यालयात गेले.

आस्थापना विभागाच्या कारकुनाने पत्र घेतलं, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि परत दिलं.

"साहेब, हे पेन्सिलीत आहे."

"बरं मग?"

"पेन्सिलीतली नोंद ग्राह्य धरत नाहीत. तुमचंच परिपत्रक आहे." त्याने बोटाने दाखवलं. ते त्याच्या मागच्या भिंतीवर, काचेत होतं. "नुसती शाई फिरवा वरून. हे घ्या माझं पेन."

तपासनिसांनी पेन घेतलं. टोपण काढलं. पत्राकडे पाहत ते बराच वेळ उभे राहिले, इतका की मागच्या माणसाने घसा खाकरला. मग त्यांनी टोपण लावलं. "पाचच्या आत येतो," ते म्हणाले. "एका ठिकाणी खिडक्या बघून यायच्या आहेत. बघायला काय हरकत आहे?" पत्र त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं. पेनही. खूण कुठल्या चौकोनात होती, हे कारकुनाला नंतर अनेकांनी विचारलं. त्याचं म्हणणं, दोन्हीत खोडल्याच्या खुणा होत्या आणि उजेड कमी होता.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी तपासनीस वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर शिडीवर उभे होते. खाली बायको वही घेऊन. वसतिगृहाला ती काय ते संध्याकाळी कळवणार होती. नुसती मापं घ्यायला कुणाची ना नव्हती. तिथून कार्यालयापर्यंत बसने वीस मिनिटं लागतात, बस लगेच मिळाली तर. चौसष्ट खिडक्या झाल्या होत्या, बत्तीस बाकी होत्या. त्यांच्या हातात जुनी टेप होती, सत्तरपाशी डाग असलेली, आणि ते ती जराही न ताणता, कात्रीबाईंनी दाखवल्याप्रमाणे धरत होते. पर्यायपत्र खिशातून अर्धं बाहेर आलं होतं.

"एकशे ब्याऐंशी," ते वरून म्हणाले.

"थांबा, पेन चालत नाहीये," बायको म्हणाली. "तुमचं द्या."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि खाली दिलं. तिने एकशे ब्याऐंशी लिहिलं, शाईने, आणि पेन आपल्या कानामागे खोचलं.

"पुढची," ती म्हणाली.